अडलेला जॅक

जबलपूर शहरापासून वीस-बावीस किलोमीटरांवर, नर्मदेच्या काठी, भेडाघाट नावाचे गाव आहे. संगमरवराच्या उंच कड्यांमधून शांतपणे वाहणारी नर्मदा आणि तिच्या थोडे वरच्या अंगाला असलेला धुवांधार धबधबा यांची कीर्ती श्रोत्यांनी ऐकलेली असेल; पुष्कळांनी चांदण्या रात्री नावेत बसून ते कडे पाहिलेही असतील. परंतु आज मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे तिच्यात चांदणे नाही. ती गोष्ट आहे तेलकट, काळी, चार लोखंडी चाकांवर सरकणारी. मोटारगाडी उचलण्याचा जॅक!

नागपूर ही या प्रांताची राजधानी होती त्या काळी, म्हणजे १९५६ च्या पूर्वी, कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने जबलपुरास आली आणि येथलीच झाली. आमचे घराणे त्यांपैकीच एक. जबलपुरात १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला आणि १९६९ साली लष्करी वाहनांचा. तेव्हापासून या शहरात यंत्राची जाण असलेला माणूस शोधायला फार दूर जावे लागत नाही. मीही माझे आयुष्य यंत्रांच्याच सहवासात काढले आणि निवृत्तीनंतर भेडाघाटास येऊन राहिलो. गावात माझ्या नावावर एकच लौकिक आहे. कोणतीही मोडकी वस्तू बाबूजींकडे न्यावी. दुरुस्त झाली तर झाली, नाहीतर निदान ती का मोडली हे तरी कळते.

आमच्या शेजारी एक गृहस्थ जीपगाडी चालवितात. प्रवाशांना शहरातून आणावयाचे, घाट आणि धबधबा दाखवावयाचा आणि परत पोचवावयाचे, हा त्यांचा व्यवसाय. पावसाळ्यात नर्मदेला पूर असतो, नावा बंद असतात, त्यामुळे प्रवासीही नसतात. सारी मिळकत पुढल्या महिन्यांत व्हावयाची आणि तिची सुरुवात कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेपासून. जत्रा चार दिवसांवर आली असता एके दिवशी सकाळी त्यांच्या अंगणातून हातोडीचे घाव ऐकू येऊ लागले. मी कुंपणापाशी जाऊन पाहतो तो जीपचा पुढला भाग जॅकवर उचललेला, एक चाक काढून बाजूला ठेवलेले आणि शेजाऱ्यांचा सोळा-सतरा वर्षांचा धाकटा भाऊ गाडीखाली अर्धा आत शिरलेला. जॅक खाली उतरत नव्हता. त्याची सुटकेची झडप पूर्ण उघडली होती, गाडी चार बोटे खाली आलीही होती, आणि मग जॅक जो थबकला तो थबकलाच. मोठे बंधू वरून हातोडी मारीत होते आणि धाकटे हातात पेचकस घेऊन जॅकच्या पाठीवरचे तेल भरण्याचे रबरी बूच उचकटण्याच्या बेतात होते.

मी त्या मुलाला आधी बाहेर बोलाविले. जरा मोठ्यानेच बोलाविले असावे, कारण समोरच्या घरातले लोकही बाहेर आले. ते बूच उघडले असते तर काय झाले असते, ते समजण्यासाठी जॅकच्या पोटात काय असते ते आधी पाहिले पाहिजे.

तत्त्व फार जुने आणि अगदी साधे आहे. बंद भांड्यात भरलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. फ्रान्समधील ब्लेझ पास्काल या गणितज्ञाने हे मांडले आणि त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली, त्याचा तो निबंध छापला गेला. सारखाच पोहोचतो तो दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा भार. एकूण जोर नव्हे. म्हणून एका लहान दट्ट्याने तेल ढकलले आणि ते तेल नऊपट क्षेत्रफळाच्या मोठ्या दट्ट्यावर जाऊन भिडले, तर मोठ्या दट्ट्यावर जोर नऊपट पडतो. पास्कालनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १७९५ मध्ये, जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने या तत्त्वावर दाबयंत्र करून त्याचे पेटंट घेतले. तेथे त्याला तत्त्वाने अडविले नाही, गळतीने अडविले. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी बाहेर येई. वाटीसारखे वळवलेले चामडे दट्ट्याभोवती बसविले म्हणजे आतला दाबच त्या चामड्याची कड भिंतीला घट्ट चिकटवितो, ही युक्ती त्याच्याच कारखान्यातील हेन्री मॉड्स्ले याने काढली असे सांगतात. आजच्या जॅकातील रबरी सील ही त्या चामड्याच्या वाटीचीच नात होय. पुढे १८५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने हे दाबयंत्र हातात उचलून नेता येईल एवढे लहान केले आणि आपण ज्याला हायड्रॉलिक जॅक म्हणतो तो जन्मास आला. सात वर्षांनी, १८५८ च्या जानेवारीत, लंडनजवळ थेम्सच्या काठावर अडून बसलेले 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचे सर्वांत मोठे जहाज पाण्यात ढकलावयास अशीच यंत्रे कामी आली. ती पुरविणाऱ्यांत बर्मिंगहॅमचे टँगी बंधू होते आणि त्या एका कामाने त्यांचा धंदा भरभराटीस आला.

येथे माझे एक म्हणणे आहे. भेडाघाटचे लोक जॅकचे वर्णन ऐकले की लगेच नदीकडे बोट दाखवितात. बंदरकूदनी म्हणून एक जागा येथे आहे. तेथे दोन्ही कडे एवढे जवळ आले आहेत की पूर्वी माकडे एका काठावरून दुसऱ्या काठावर उडी मारीत, असे सांगतात. विस्तीर्ण नर्मदा अशा चिंचोळ्या वाटेत कोंडली जाते. तसेच जॅकात तेल कोंडले जाते आणि त्याला बळ येते, अशी ही उपमा. ऐकावयास ती गोड आहे, पण खोटी आहे. वाहते पाणी अरुंद जागेत शिरले म्हणजे त्याचा वेग वाढतो. तिथले काम वेगाचे. जॅकात तेल जवळपास वाहतच नाही. तेथे ते मुंगीच्या पावलाने सरकते आणि जे काही करते ते निव्वळ दाबाने. वेगाचे उदाहरण हवे असेल तर आमच्या शहरातील तोफगाडे पाहावेत: तोफ उडाल्यावर मागे येणारी नळी थोपविण्यासाठी तेल बारीक भोकांतून जोराने दवडतात आणि धक्का त्यात विरतो.

आता आकडे घेऊन पाहू. गाडीखाली सरकविण्याचा जो लांबट जॅक असतो त्याला गॅरेजात ट्रॉली जॅक म्हणतात. समजा, त्याचा दांडा एक मीटर लांब आहे आणि दांड्याच्या खिळीपासून पाच सेंटिमीटरांवर लहान दट्ट्या जोडलेला आहे. आपण दांड्यावर २० किलोग्रॅमचा जोर दिला तर लहान दट्ट्यावर त्याच्या वीसपट, म्हणजे ४०० किलोग्रॅम जोर पडतो. लहान दट्ट्याचा व्यास १२ मिलिमीटर आणि मोठ्याचा ३६ धरला तर व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. मोठ्या दट्ट्यावर ३६०० किलोग्रॅम. पण ट्रॉली जॅकात मोठा दट्ट्या आडवा असतो आणि तो एका लांब हाताचा आखूड भाग ढकलतो. त्या हाताच्या टोकावरची वाटी, जी गाडीला टेकते, ती दट्ट्याच्या तिप्पट सरकते. त्यामुळे जोर एक तृतीयांश उरतो: १२०० किलोग्रॅम. जीपचे नाक उचलण्यास तेवढा पुरेसा आहे. फुकट मात्र काही मिळत नाही. आपला हात ६० सेंटिमीटर खाली जातो तेव्हा लहान दट्ट्या तीन सेंटिमीटर सरकतो, मोठा त्याच्या नवव्या हिश्शाने म्हणजे तीन मिलिमीटरांहून थोडा अधिक, आणि गाडी एक सेंटिमीटर वर येते. साठ सेंटिमीटर वीस किलो ढकलणे आणि एक सेंटिमीटर बाराशे किलो उचलणे यांचा हिशेब तंतोतंत जुळतो. घर्षणाचा वाटा मी सोडून दिला आहे, तो वेगळा. या साऱ्या वेळी तेलावर दर चौरस सेंटिमीटरला साडेतीनशे किलोग्रॅमांहून अधिक दाब असतो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दोन-अडीच किलोग्रॅमांच्या घरात असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या साडेतीनशेचा अर्थ कळेल.

तेल उलटे फिरू नये म्हणून वाटेत झडपा लागतात. त्या म्हणजे पोलादी छर्रे, बोरांच्या बीएवढे किंवा त्याहूनही लहान. दट्ट्या मागे आला की एक छर्रा उचलला जातो आणि टाकीतले तेल आत येते. दट्ट्या पुढे गेला की तो छर्रा आपल्या बैठकीवर घट्ट बसतो, दुसरा उचलला जातो आणि तेल मोठ्या नळकांड्यात शिरते. तिसरी झडप सुटकेची. दांडा पिळला की ती उघडते, मोठ्या नळकांड्यातले तेल पुन्हा टाकीत उतरते आणि गाडीचे वजन व दोन मजबूत स्प्रिंगा मिळून दट्ट्याला आत ढकलतात. चौथी झडप अतिभाराची. तिच्याविषयी एवढेच सांगतो की तिचा स्क्रू कारखान्यात बसविलेला असतो आणि त्याला घरी हात लावू नये. टाकी म्हणजे नळकांड्याभोवतीचीच पोकळी. तेल बाहेर कोठून येत नाही की कोठे जात नाही. आतल्या आत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते.

हे ध्यानात आले म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या अंगणातील प्रसंग समजेल. सुटकेची झडप उघडलेली, जीपचा सहाशे-सातशे किलोचा भार वरून दाबतो आहे आणि दट्ट्या आत जात नाही. तो का जात नाही, हे त्या क्षणी मला ठाऊक नव्हते. पण आत कोंडलेले तेल हे एक कारण असू शकते, आणि तसे असेल तर बूच उघडताच ते तेल उसळून बाहेर येणार आणि गाडी एका झटक्यात खाली बसणार, एवढे उघड होते. त्या गाडीखाली एका मुलाची छाती होती. जॅकविषयी दुसरे काहीही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण भार असताना त्याचे बूच, त्याचे नट किंवा त्याची खीळ यांना हात लावावयाचा नाही, हे लक्षात ठेवावे. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणी जावयाचे नाही, मग जॅक नवा असो की जुना.

आम्ही मागच्या चाकांना दगडाच्या उट्या लावल्या. जीपच्या हत्यारांच्या पेटीतला स्क्रूचा लहान जॅक काढून तो चेसिसखाली दुसऱ्या ठिकाणी लावला आणि शेजारी सालाच्या लाकडाचे जाड ओंडके आडवे-उभे रचले. स्क्रूच्या जॅकने गाडी बोटभर उचलताच ट्रॉली जॅकची वाटी मोकळी झाली. त्याला ओढून बाहेर काढले आणि गाडी सावकाश ओंडक्यांवर टेकविली. त्यासाठी सारी सकाळ गेली. शेजारी एकसारखे जत्रेचे दिवस मोजीत होते, पण नाइलाज होता.

जॅक आमच्या पडवीत आला. भार उतरला तरी त्याचा हात अर्ध्यावरच उभा होता. अशा वेळी हातोडी उचलण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न थोडे असतात, पण ते क्रमाने विचारावे लागतात. पहिला प्रश्न स्प्रिंगांचा: त्या तुटल्या किंवा निसटल्या असतील तर बिनभाराचा जॅक आपोआप खाली येणार नाही. आमच्या स्प्रिंगा शाबूत होत्या. दुसरा प्रश्न झडपेचा: दांडा फिरतो याचा अर्थ झडप फिरते असा होत नाही, मधल्या सांध्याची खीळ कापली गेली तर दांडा नुसताच गरगरतो. म्हणून झडपेच्या देठालाच पाना लावून पाहिला. तो व्यवस्थित फिरत होता. तिसरा प्रश्न हाताच्या बिजागरीचा. स्प्रिंगा डोळ्यांवर चष्मा लावून जपून सोडविल्या, कारण ताणलेली स्प्रिंग निसटली तर डोळा घेऊन जाते. मग दट्ट्या आणि हात यांना जोडणारी खीळ काढली. हात धाडकन खाली पडला. म्हणजे बिजागरी मोकळी होती आणि अडला होता तो दट्ट्याच.

आता, भार मुळीच नसताना, मी बूच उघडले. तेल भळभळून बाहेर आले. रंग पाहावा तर दुधाच्या चहासारखा. दट्ट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून दाबले तेव्हा तो बोटभर आत सरकला, आणखी तेल ओघळले, आणि मग तो पुन्हा अडला. या वेळी मात्र अडण्याची जात वेगळी होती. पहिल्यांदा तो उशीवर दाबल्यासारखा अडत होता, आता दगडावर दाबल्यासारखा.

म्हणजे दुखणी दोन होती, आणि ती एकाच जागी भेटली होती. चौकशी करता सारा इतिहास बाहेर आला. पावसाळ्याच्या तोंडाशी शेजाऱ्यांनी हा जॅक गावातल्या एका मूर्तिकारास उसना दिला होता. येथे संगमरवराच्या आणि त्याहून मऊ अशा शंखजिऱ्याच्या दगडाच्या मूर्ती व शोभेच्या वस्तू घडविण्याचा धंदा पुष्कळ घरांत चालतो. त्या गृहस्थांनी एक शिळा जॅकवर तोलून घेतली, शिळा उतरविली आणि सुटकेची झडप न उघडता जॅक तसाच, अर्धा हात वर केलेला, छपराच्या वळचणीखाली ठेवून दिला. तेथे तो सारा पावसाळा उभा होता. दट्ट्याचा जो भाग बाहेर होता त्यावर गंज चढला. बूच आधीच हरवलेले होते, त्याच्या जागी चिंधी कोंबलेली. तिच्यातून पागोळ्यांचे पाणी थेंब थेंब आत गेले. जॅक परत आल्यावर शेजाऱ्यांनी चिंधी काढली आणि तेल कमी आहे असे पाहून ते काठोकाठ भरले. टायरच्या रबराचे एक बूच कापून ते ठोकून बसविले. भरतेवेळी दट्ट्या अर्धा बाहेर होता, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. दट्ट्या आत गेला म्हणजे नळकांड्यातले तेल टाकीत परत येते, त्याला जागा हवी. ती जागा त्यांनी आधीच भरून टाकली होती. जीपखाली जॅक आणखी वर गेला तेव्हा टाकी रिकामी झाली आणि सारे सुरळीत भासले. उतरताना दट्ट्या बरोबर त्या जागी आला जेथे तो चार महिने उभा होता, आणि तेथे एकीकडून भरलेल्या टाकीने त्याला अडविले व दुसरीकडून गंजाने.

शेजाऱ्यांचा समज असा होता की धुवांधारच्या तुषारांनी जॅक गंजला. धबधब्यावर दोष टाकणे सोपे असते. पण त्याचे तुषार आमच्या आळीपर्यंत येत नाहीत.

दट्ट्या बाहेर काढण्याचे काम धीराचे होते. तेल सगळे ओतून काढले. नळकांड्याच्या तोंडाशी जो मोठा नट असतो त्याच्या भोवती आणि गंजलेल्या भागावर घासलेटात थोडे पातळ तेल मिसळून सोडले आणि रात्रभर ठेवून दिले. धाकट्या भावाने स्टोव्ह आणून नळकांडे तापवू या म्हटले. घासलेटाने आणि तेलाने माखलेल्या बंद नळकांड्याला ज्योत दाखविणे म्हणजे काय, हे मी त्याला दोन वाक्यांत सांगितले. पंक्चरच्या दुकानातून हवेचा दाब देऊन दट्ट्या उडविण्याची युक्तीही कोणी सुचविली. दाबलेल्या हवेने सुटणारा दट्ट्या तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. द्रव जागा सापडताच आपला दाब टाकून देतो, हवा मात्र फुगत फुगत ढकलीतच राहते. सकाळी दट्ट्यावर जाड चामड्याचा पट्टा गुंडाळून, त्यावर पाइपचा पाना लावून, ओढण्याऐवजी आधी तो थोडा फिरविला. डावीकडे जरासा, उजवीकडे जरासा. अडलेली वस्तू सरळ ओढून निघत नाही ती पिळून निघते. तासाभराने गंजाची पकड सुटली, मोठा नट सैल करून काढला आणि दट्ट्या हातात आला.

छर्रे आणि त्यांच्या स्प्रिंगा काढताना कोणता कोठला हे विसरले तर सारे मुसळ केरात. माझ्या पत्नीचे इडलीपात्र या कामास फार सोयीचे पडले. खळ्यांची रांग तयारच असते. तिने पुढे त्यात इडल्या करण्यास साफ नकार दिला आणि मला नवे पात्र आणावे लागले. जॅकच्या दुरुस्तीत सर्वांत मोठा खर्च तोच झाला.

छर्र्यांच्या बैठकींत पांढरट चिकट लोण्यासारखा गाळ साचलेला होता. दगडाची भुकटी, तेल आणि पाणी यांचे ते मिश्रण. ही भुकटी पोलादाला ओरखडे काढीत नाही. संगमरवर पोलादाहून पुष्कळ मऊ असतो आणि शंखजिरे तर नखाने उकरता येते. ती फक्त छर्र्याला नीट बसू देत नाही, आणि मग जॅक उचलतो पण हळूहळू खचतो. नर्मदेच्या वाळूचा कण गेला असता तर गोष्ट वेगळी होती. वाळूतला गारेचा कण पोलादालाही चिरतो. सगळे भाग घासलेटात धुतले आणि जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने पुसले. सुताचा बोळा वापरू नये, त्याचा एखादा धागा छर्र्याखाली राहतो आणि सारे श्रम वाया जातात. एका छर्र्याची बैठक झिजलेली वाटली. तिच्यावर तो छर्रा ठेवून, वर पितळेची कांडी धरून, हातोडीने एकच हलका ठोका दिला म्हणजे बैठकीला छर्र्याची गोलाई पुन्हा येते. ठोका खाल्लेला छर्रा मात्र टाकून द्यावा आणि त्याच मापाचा नवा घालावा.

मग दट्ट्याकडे वळलो. बारीक पॉलिशपेपर तेलात भिजवून गंज उतरविला. खाली काय उरले हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे नख फिरविणे. नख अडले तर तेथे खड्डा आहे असे समजावे. आमच्या दट्ट्यावर तीन जागी सुईच्या अग्राएवढे खड्डे होते. आता निर्णय करावयाचा होता. या जातीच्या जॅकात दाब धरून ठेवणारे सील दट्ट्याच्या आतल्या टोकाला असते आणि ते नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर घासते. तोंडाशी असलेली कडी फक्त तेल पुसून घेते आणि धूळ बाहेर ठेवते. खड्डे होते दट्ट्याच्या बाहेरच्या भागावर. त्यांनी तोंडाची कडी लवकर झिजेल, थोडे तेल पाझरेल. पण भार पडणार नाही. हेच खड्डे किंवा एखादा लांब ओरखडा नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर असता, तर मी तो जॅक शेजाऱ्यांना परत दिला नसता, आणि जत्रा चार दिवसांवर असो की चार तासांवर. विजेरी लावून, नळकांडे फिरवून फिरवून आत पाहिले. भिंत तकतकीत होती.

सीले जबलपुरात मापावर मिळतात. जुनी बरोबर न्यावी म्हणजे बोलावे लागत नाही. वाटीच्या आकाराच्या सीलाचे तोंड दाबाच्या बाजूला हवे. उलटे बसविले तर जॅक सारे काही करील, फक्त उचलणार नाही. बसविताना तेल लावावे आणि आट्यांच्या धारेवरून नेताना आटे कागदाने झाकावे. तेल जॅकचेच घ्यावे, पातळ हायड्रॉलिक. ब्रेकचे तेल हाताशी असते म्हणून पुष्कळ लोक तेच ओततात. त्याची जात निराळी. ते खनिज तेल नव्हे, हवेतली ओल ते शोषून घेते आणि जॅकची रबरी सीले त्याने फुगून बसतात. अडलेल्या जॅकांपैकी कितीतरी याच उपकाराने अडलेले मी पाहिले आहेत.

जोडणी झाल्यावर दट्ट्या पूर्ण आत ढकलला आणि मगच तेल भरले, तेही भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. सुटकेची झडप उघडी ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा भराभर मारला, म्हणजे अडकलेली हवा टाकीत येऊन निघून जाते. हवा राहिली तर दांडा स्पंजावर मारल्यासारखा लागतो. तेल पुन्हा पाहिले, थोडे घातले, बूच बसविले.

संध्याकाळी शेजारी जॅक घ्यावयास आले. त्यांना तो लगेच हवा होता. मी म्हटले, आजची रात्र तो माझा. जीपखाली त्याच ओंडक्यांची रचना, त्यांच्या वर बोटभर मोकळी जागा. जॅकवर जीप उचलली, वाटीच्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ ओढली आणि सर्वांना घरी पाठविले. सकाळी दोन रेघांत ज्वारीच्या दाण्याएवढे अंतर होते. शेजाऱ्यांना वाटले, काम फसले. पण एवढे खचणे चांगल्या जॅकातही आढळते. म्हणूनच जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी ओंडके किंवा लोखंडी घोड्या असतात. हे मी त्यांना सांगितले तेव्हा धाकटा भाऊ न सांगता उठला आणि त्याने सालाचे चारही ओंडके जीपच्या मागच्या बाजूस चढवून दोरीने बांधले.

जीप पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी रस्त्यावर आली. जत्रेतल्या मिळकतीतून शेजाऱ्यांनी आमच्याकडे शिंगाड्यांची टोपली पाठविली आणि मूर्तिकाराने शंखजिऱ्याचा एक लहानसा नंदी. त्याला या प्रकरणाचा थोडा संकोच वाटत असावा. पुढल्या पावसाळ्यात, पहिला पाऊस झाला त्या दिवशी, मी सहज शेजाऱ्यांच्या पडवीत डोकावलो. जॅक कोपऱ्यात पोत्यावर ठेवला होता, त्याच्यावर जुने मेणकापड होते आणि त्याचा हात जमिनीला टेकलेला होता.